धरणाचा काठही उड्डाणमार्गात धरा : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय आणि मध्य आशियाई उड्डाणमार्गाच्या समन्वयाचे काम पाहणारे अधिकारी,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : स्थलांतरित पक्ष्यांसाठी भारताने स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय जबाबदारी आणि सिंचनाच्या जलाशयांना वगळणारी २०१७ च्या नियमांतील व्याख्या.

स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंद येथे बॉन कराराच्या, म्हणजे स्थलांतरित प्राण्यांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांची चौदावी परिषद झाली, तीत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी (म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेसाठी) स्वतंत्र उपक्रम मान्य झाला आणि त्याचा समन्वय कक्ष भारतात असावा असे ठरले. सैबेरियाच्या गोठलेल्या किनाऱ्यापासून हिंदी महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेल्या ३० देशांच्या या मार्गासाठी आपल्या मंत्रालयाने २०२० च्या गांधीनगर परिषदेपासून जो पाठपुरावा केला, त्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. हा मार्ग फार काळ मागे राहिला होता. शेजारच्या आफ्रिका-युरेशिया मार्गावरच्या पाणपक्ष्यांसाठी १९९५ मध्ये बंधनकारक करार झाला. आपल्या मार्गाचा कृती आराखडा २००५ मध्ये दिल्लीतच ठरला, पण त्याचा समन्वय कोणी आणि कुठून करायचा हे ठरायला आणखी जवळजवळ वीस वर्षे गेली. आता ती जबाबदारी आपल्याकडे आली आहे, म्हणूनच हे पत्र आपल्याला.

मी इंदापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेच्या निमित्ताने भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या पट्ट्यात उजनीच्या काठाने दुर्बीण आणि वही घेऊन फिरणे हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. पक्षीशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे लिहितो आहे ते काठावर उभे राहून पाहिलेले आणि आपल्याच मंत्रालयाच्या कागदांतून वाचलेले आहे.

उजनीचा जलाशय पक्ष्यांसाठी बांधलेला नाही, हे सांगायला नको. भीमेवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले, त्यात गावे गेली, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातली बरीच कुटुंबे मासेमारीकडे वळली. पाणी उतरू लागले की मंदिराचे शिखर वर येते आणि त्याच सुमारास काठाने मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. या चिखलात किडे, शिंपले, गवताचे बी असे सगळे असते, आणि त्यावर उत्तरेकडून आलेली पाखरे हिवाळा काढतात. चक्रवाक आणि पट्टकादंब येतात, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक येतात, पाणटिवळे आणि तुतवार येतात, तिबेटच्या पठारावर घरटी करणारे कुरव येतात, आणि ज्यांच्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी पहाटे होडीत बसतात ते रोहितही (फ्लेमिंगो) येतात. सोलापूर जिल्ह्यात उपयुक्त साठा संपला की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. २०२३ चा पाऊस अपुरा झाल्यावर २०२४ च्या सुरुवातीलाच ती मायनसमध्ये गेली होती. माणसांच्या दृष्टीने ती चिंतेची बातमी असते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र पाणी किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने आणि कोणत्या महिन्यात उतरते याला जास्त महत्त्व आहे. हळूहळू उतरले तर रोज नवा ओला पट्टा उघडतो. एकदम उतरले तर चिखल उन्हाने तडकून जातो आणि चोच आत जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी आपल्या मंत्रालयाने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र आणि भातशेती वगळली आहे, आणि त्यांच्याबरोबर पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मीठ पिकवण्यासाठी, करमणुकीसाठी आणि सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले आहेत. यापूर्वीच्या २०१० च्या नियमांत जलाशयांबाबत असे नव्हते. त्या व्याख्येत जलाशय, तलाव आणि मानवनिर्मित पाणथळ जागा स्पष्ट शब्दांत समाविष्ट होत्या. पाणथळ जागांसाठीच्या ज्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराचे नाव आपण अभिमानाने घेतो, तोही १९७१ पासून पाणथळीची व्याख्या करताना नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही. सात वर्षांत आपण जागतिक व्याख्येपासून मागे आलो, आणि त्यानंतर लगेच, २०१८ मध्ये, त्याच मंत्रालयाने मध्य आशियाई मार्गावरच्या पक्ष्यांसाठी २०२३ पर्यंतचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. या मार्गावर पाणपक्ष्यांच्या किमान १८२ जाती आहेत आणि त्यांतल्या २९ जागतिक पातळीवर धोक्यात आहेत, हे सरकारी कागदच सांगतात. नियम आणि आराखडा एकाच इमारतीत लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडली नसावी, असे मला वाटते.

दिल्लीतून हा तांत्रिक तपशील वाटू शकेल. दख्खनच्या पठारावर तो तसा नाही. आमच्याकडे काश्मीरसारखी नैसर्गिक सरोवरे नाहीत. लोणारसारखा अपवाद वगळला तर आमचे पाणी म्हणजे बंधारे, पाझर तलाव आणि धरणे. दुष्काळी भागाने शंभर-दीडशे वर्षांत जे पाणी अडवले, तेच आज उत्तरेकडच्या पाखरांचे हिवाळी घर झाले आहे. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ कोणते, तर निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ कालव्यांसाठी बांधलेला ब्रिटिश काळातला बंधारा! सिंचनासाठी अडवलेले पाणी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असू शकते हे भारत सरकारने तिथे स्वतःच्या सहीने मान्य केले आहे. जायकवाडीच्या नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचे छत्र आहे. पण ज्यांना रामसरची पाटी नाही आणि अभयारण्याचीही नाही, अशा शेकडो जलाशयांना २०१७ च्या व्याख्येने दारातूनच परत पाठवले आहे.

त्याचा परिणाम काय होतो हे एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पट्ट्यात, जिथे पट्टकादंब रात्रीच्या मुक्कामाला उतरत, तिथे ऐन हंगामात वाळूउपसा सुरू झाला. मी तीन कार्यालयांत अर्ज दिले. पहिल्याने सांगितले की जमीन आमची नाही, दुसऱ्याने सांगितले की पाणी आमचे आहे पण पक्षी आमचे नाहीत, आणि तिसऱ्याने अत्यंत सौजन्याने समजावले की पक्षी आमचे आहेत, परंतु ही जागा नियमांप्रमाणे पाणथळ नाही. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. कोणावर दोष ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. हिमालय ओलांडून आलेला पक्षी जिथे उतरतो, त्या जागेचा कोणी धनी नाही, एवढेच दाखवायचे आहे.

यावर जो आक्षेप घेतला जाईल तो मला ठाऊक आहे, कारण गावातले माझे शेतकरी मित्र तो माझ्या तोंडावर घेतात. धरणे पाणथळ म्हणून घोषित केली तर उद्या आवर्तन, म्हणजे कालव्याचे पाळीचे पाणी, सोडायलाही परवानगी लागेल, पाणी उतरल्यावर गाळात होणारी पेरणी, म्हणजे गाळपेर, बंद होईल, मासेमारी थांबेल. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे संरक्षण म्हणजे कुंपण आणि बंदी असा अनुभव लोकांनी पुष्कळदा घेतला आहे. सोलापूरचे पिण्याचे पाणी आणि उभ्या उसाचे आवर्तन पक्ष्यांसाठी अडवा, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर त्याच्या बाजूने उभाही राहणार नाही. मागणे त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. आवर्तनाच्या तारखा जिथे ठरतात त्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपुढे पालकमंत्री असतात, आमदार असतात, अभियंते असतात, ऊस आणि केळीचे गणित असते. तिथे पक्षीगणनेचा एक कागदही असावा. उघड्या पडलेल्या काठावर गाळपेरीचे एकसाली पट्टे देताना मुक्कामाचे चार-दोन पट्टे नोव्हेंबर ते मार्च नांगराविना राहावेत आणि त्याची भरपाई संबंधित कुटुंबाला मिळावी. होडी चालवून पक्षी दाखवणाऱ्या कुंभारगावच्या पोरांना हे पटवायला अर्धा तासही लागणार नाही, कारण त्यांचा हंगाम त्याच पट्ट्यांवर चालतो.

लोकांना बरोबर घेतले की काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे आणि योगायोगाने तेही एका धरणाच्या काठचे आहे. नागालँडमध्ये दोयांग नदीवरच्या जलाशयाजवळ दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाणे लाखोंच्या संख्येने उतरतात. मंगोलिया, उत्तर चीन आणि रशियाच्या पूर्व भागातून निघालेला हा मूठभर पक्षी पुढे भारत आणि अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. २०१२ मध्ये तिथे माशांची जाळी उभी लावून दिवसाला १२ ते १४ हजार ससाणे पकडले जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. पुढच्याच हंगामात, म्हणजे २०१३ मध्ये, तिथे शिकार झाली नाही. कायदा तर आधीही होता. या वेळी पांगती, आशा आणि सुंगरो या गावांच्या ग्रामसभांशी, चर्चशी आणि शाळांशी बोलणे झाले, गावांनी स्वतः बंदी घातली आणि स्वतः पहारा दिला. त्याच नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्था, नागालँडचा वन विभाग आणि हंगेरीचे तज्ज्ञ यांनी मिळून तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रे बसवली आणि त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाचे नाव घेऊन पक्षी आफ्रिकेला पोहोचला आणि परतही आला, हे ज्या गावाने पाहिले त्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

उलट बाजूचे उदाहरण राजस्थानातल्या भरतपूरचे. सैबेरियन क्रौंच तिथे शतकानुशतके येत होते. त्यांच्यासाठी बॉन करारांतर्गत १९९३ मध्ये सामंजस्य करार झाला, त्या कराराखालचा तो असा पहिलाच. पण तोवर मध्य आशियातून भारतात येणारा थवा बोटांवर मोजण्याइतका उरला होता, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला क्रौंच आला नाही. रशियातली वीणभूमी आणि भरतपूरचे उद्यान ही दोन्ही टोके कागदावर सुरक्षित होती. मधल्या मुक्कामांवर, युद्धाने होरपळलेल्या अफगाणिस्तानात आणि त्याच्या आसपास, बंदुका होत्या. साखळीची मधली कडी तुटली की दोन्ही टोके व्यर्थ होतात. पूर्व आशियाई मार्गावर हेच निराळ्या रीतीने घडले. दक्षिण कोरियाने सेमांगम येथे २००६ मध्ये ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत पूर्ण केली, भरतीचा विशाल चिखलपट्टा बंद झाला, आणि ग्रेट नॉट नावाच्या किनारपक्ष्याची घट ऑस्ट्रेलियातल्या गणनांमध्ये दिसू लागली. भिंत एका देशात आणि रिकामे किनारे दुसऱ्या देशात! उद्या आपला एखादा जलाशय पक्ष्यांच्या दृष्टीने मेला, तर त्याची पहिली नोंद कदाचित कझाकस्तानातल्या एखाद्या गणकाच्या वहीत होईल, आणि आपल्याला ती कळणारही नाही.

माहितीच्या देवघेवीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, आणि त्यासाठी भोरडीसारखे दुसरे उदाहरण मला सापडत नाही. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे काळे-गुलाबी थवे ढगासारखे शेतावर उतरतात, आणि माळ्यावर बसून गोफण फिरवण्यात आमच्या पिढीचे बालपण गेले. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचाराल तर भोरडी म्हणजे चोर. हाच पक्षी एप्रिलमध्ये इथून उठतो आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात दगडांच्या कपारींत हजारोंच्या वस्तीने घरटी करतो. तिथे त्याची पिल्ले टोळांवर आणि नाकतोड्यांवर वाढतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात ठेवण्यासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचले जातात. म्हणजे एका देशाचा राखणदार दुसऱ्या देशाचा चोर आहे, आणि दोघांनाही एकमेकांचा हिशोब माहीत नाही. ज्वारीच्या नुकसानीचा खर्च इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने सोसावा आणि टोळांपासून वाचलेल्या कुरणांचा फायदा तिकडे जमा व्हावा, हे न्यायाचे नाही. पण तो हिशोब मांडायलाच कोणी बसलेले नाही. आपला समन्वय कक्ष हे करू शकतो.

असे सहकार्य राजकारणामुळे अशक्य आहे, असेही सांगितले जाईल. त्याला उत्तर टोळांनीच दिलेले आहे. भारत आणि पाकिस्तान यांचे टोळनियंत्रण अधिकारी राजस्थान-सिंध सीमेवर मुनाबाव आणि खोखरापार येथे हंगामात भेटून एकमेकांना माहिती देत, आणि ही पद्धत दोन्ही देशांतल्या ताणतणावाच्या वर्षांतही वर्षानुवर्षे चालत आली. पीक खाणाऱ्या किड्यासाठी दोन देश सीमेवर टेबल मांडू शकतात. हिमालय ओलांडणाऱ्या पाखरांसाठी ते का मांडू नये?

पक्ष्यांच्या रोगांबद्दलही हेच लागू पडते. २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो जंगली पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब सर्वाधिक होते. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये देशातली पहिली साथ निघाली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. या दोन घटना एकमेकींशी जोडण्याचा घाईचा निष्कर्ष मी काढत नाही. कोंबड्यांच्या व्यापारानेही हा रोग पसरतो. पण उत्तरेकडच्या सरोवरावर पक्षी मरू लागले तर ते इकडच्या पशुवैद्यकांना वर्तमानपत्रातून कळू नये, एवढी अपेक्षा ३० देशांच्या समन्वय कक्षाकडून नक्कीच करता येईल.

याला आपल्याकडे परंपराही आहे. १९६० च्या आसपास सलीम अलींच्या पुढाकाराने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे घालायला सुरुवात केली, आणि त्या वाळ्यावर इंग्रजीत ‘मुंबईला कळवा’ अशा अर्थाचा मजकूर कोरलेला असे. शीतयुद्धाच्या ऐन काळात सोव्हिएत प्रदेशातून ती वाळी मुंबईच्या पत्त्यावर परत आली. अलीकडे मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसतात आणि हौशी माणसे त्यांचे क्रमांक टिपून कळवतात. काम होते ते असे, कोणाच्या तरी हौसेवर. आमच्या गणनेचे आकडे मी वर्षानुवर्षे पाठवतो आहे. त्यांचे पुढे काय झाले आणि तिकडच्या वीणभूमीतल्या आकड्यांशी ते कोणी जोडून पाहिले का, हे एकदाही कळलेले नाही. बॉन करारात नोंद असलेल्या प्राण्यांपैकी ४४ टक्के जातींची संख्या घटत असल्याचे त्या कराराच्या पहिल्या जागतिक अहवालाने २०२४ मध्ये सांगितले. अशा अहवालांची सुरुवात जिथून होते त्या वहीकडेही कोणीतरी पाहावे.

तेव्हा विनंती अशी आहे. २०१७ च्या नियमांत दुरुस्ती करून, ज्या मानवनिर्मित जलाशयांवर स्थलांतरित पाणपक्षी नियमितपणे आणि लक्षणीय संख्येने येतात ते व्याख्येत परत घ्यावेत, आणि दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तोवर राज्यांना अशा जलाशयांची यादी करून त्यांचे पाणी उतरण्याचे वेळापत्रक पक्ष्यांच्या हंगामाशी जमेल तितके जुळवण्याची लेखी सूचना द्यावी. ही यादी करताना ग्रामसभा, मच्छीमार सोसायट्या आणि गाळपेर करणारी कुटुंबे यांच्याशी आधी बोलणे व्हावे. अधिसूचना निघाल्यावर बोलू नये. समन्वय कक्षाने गणनेचे आकडे जलाशयनिहाय आणि प्रत्येक देशाच्या भाषेत खुले करावेत, म्हणजे कुंभारगावच्या होडीवाल्याला आणि मंगोलियातल्या मेंढपाळाला एकाच पक्ष्याच्या गोष्टीचे दोन अर्धे भाग जोडता येतील. अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान यांसारख्या मधल्या देशांत, जिथे पैसा आणि शांतता दोन्ही कमी आहेत, तिथल्या मुक्कामांसाठी भारताने आपल्या वाट्याचा निधी स्पष्ट आकड्यात जाहीर करावा. २०२३ मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय आराखड्यातले काय झाले आणि काय राहिले, याचा हिशोबही लोकांपुढे यावा. पुढच्या आराखड्याचे पहिले पान तेच असले पाहिजे.

येत्या जानेवारीत गणनेच्या दिवशी आपल्या कक्षातले कोणी अधिकारी भिगवणला आले तर पहाटे साडेपाचला होडी तयार असेल, आणि दुपारी भाकरी व माशाचे कालवण. या पत्राची एक प्रत मी कालवा सल्लागार समितीच्या अध्यक्षांनाही पाठवत आहे, कारण समरकंदला जे ठरले त्यातला आमच्या वाट्याचा भाग आवर्तनाच्या तारखा ठरवताना त्यांच्याच सहीने पाळला किंवा मोडला जाणार आहे.

आपला नम्र,
उजनीच्या काठावरचा एक पक्षीगणक
ता. इंदापूर, जि. पुणे